पडद्याआडून ऐकलेला भूप

आमच्या घराखाली पिठाची गिरण होती, म्हणून मी गिटारवादक होऊ शकलो. शेजारी समजूतदार होते किंवा वडील उदार होते, अशातला भाग नाही. गिरणीने त्या गल्लीतल्या लोकांचे कान आधीच इतके मुर्दाड करून ठेवले होते की वरून आणखी एक आवाज आला, तर तो कुणाला वेगळा कळतच नसे. शनिवार पेठेत पहिल्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या. गिरणीचा पट्टा फिरू लागला की फरशी थरथरायची, मांडणीवरचे पितळी डबे किणकिणायचे, आणि घरातल्या प्रत्येक वस्तूवर पिठाचा एक पातळ थर बसायचा. माझी गिटारही त्यातून सुटली नाही. कुणी भाजणी दळायला आणली, की धने-जिऱ्याचा खमंग वास जिन्यावरून वर यायचा. मग त्या दिवशी आईला थालीपिठं लावावीच लागत, कारण तो वास नाकात घेऊन वरण-भातावर समाधान मानणारं माणूस आमच्या घरात नव्हतं.

आई बाहेरच्या खोलीत गाण्याचा वर्ग घ्यायची. दुपारी चार ते सहा, वीसएक परकऱ्या पोरी, एक पेटी आणि तबल्यावर जुन्या यंत्रासारखं काम करणारे एक वयस्कर गृहस्थ, जे अधूनमधून ठेका देता देता डुलकी काढायचे आणि तरी समेवर बरोबर यायचे. गिरणीच्या मालकांच्या दोन्ही मुली वर्गात होत्या. त्यांची फी आई घेत नसे, आणि मालक चार ते सहा गिरण बंद ठेवत. हा करार कधी कागदावर आला नाही, तरी तो पाळला गेला. पेठेत असं फार पाहायला मिळत नाही. बाहेरची आणि आतली खोली यांच्यामध्ये आईच्या जुन्या नऊवारीचा पडदा होता. आतल्या खोलीतून बाहेर पडायचं तर वर्गातूनच जावं लागे, आणि वीस मुलींच्या मधून पाय टाकत जाण्याइतकी माझी छाती नव्हती. त्यामुळे कॉलेजातून तीनला घरी आलो की मी सहापर्यंत आत कैद. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, अवस्था उलटी. ते सरकारी कचेरीतून सव्वापाचला यायचे आणि आत येता येत नाही म्हणून जिन्याच्या वरच्या पायरीवर, बूट काढून, वर्तमानपत्र उघडून बसायचे. स्वतःच्या घरात शिरण्यासाठी इतकी वर्षं रोज पाऊण तास थांबलेला दुसरा गृहस्थ मला माहीत नाही.

गिटार मी कॅम्पातल्या डेरिककडून शिकलो. तो माझ्या वर्गात होता, त्याच्या घरी मोठा रेडिओ होता, आणि त्याची आई केक करायची. ह्या तीन गोष्टींपैकी मैत्री नक्की कशामुळे झाली, हे आता सांगता येणार नाही. तो बास वाजवायचा आणि गायचा. ड्रमवर सोपान. तो हडपसरच्या शेतकऱ्याच्या घरातला. लेझीम-पथकात हलगी वाजवून वाजवून त्याचे हात असे तयार झाले होते की ड्रमचा सेट त्याने आठ दिवसांत सरळ केला. येताना सायकलीला मळ्यातली भाजीची पिशवी बांधून आणायचा. आईने पुढ्यात थालीपीठ ठेवलं की म्हणायचा, "मावशी, ह्ये असलं आमच्याकडं न्हाय हुत. लई भारी हाय." आई त्याला आणखी एक वाढायची. मी तेच म्हटलं असतं तर "मग स्वयंपाकघरात ये आणि लावून बघ" असं ऐकायला मिळालं असतं.

आम्ही तिघं इंग्रजी गाणी वाजवत असू. ती कुठे वाजवायची, हा प्रश्न होता, कारण ऐकायला कुणी मिळत नसे. अण्णा माझ्या गिटारीला "ते लाकूड" म्हणत. मी तारा जुळवत बसलो की विचारत, "जुळवणं संपलं का? की हेच गाणं आहे?" अखेर आमच्या गल्लीच्या गणेश मंडळाने आम्हाला बोलावलं. बोलावलं म्हणजे, जादूचे प्रयोग करणारा आजारी पडला म्हणून त्याची जागा भरायची होती. मंडळाचे अध्यक्ष घरी आले, खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "वाजवा. पण निदान एक गाणं मराठीत पाहिजे. गणपतीलाही कळलं पाहिजे ना काय चाललंय ते." कार्यक्रमाला चार दिवस होते.

ते गाणं मी एका दुपारात केलं. शब्द सुचले ते सायकलीवरून येताना: "उतार लागला, ब्रेक लागेना, घरच्यांना सांगा, जेवून घ्या ना." वाङ्मय म्हणून ते कुठे बसतं, हे मला विचारू नका. पण चाल! चाल अशी सुचली की मी स्वतःच थक्क झालो. आतल्या खोलीत गिटार मांडीवर घेऊन बसलो, डोळे मिटले, आणि ती आपली आपण बोटांतून उतरत गेली. कुठे अडली नाही, कुठे वाकवावी लागली नाही. मला वाटलं, प्रतिभा म्हणतात ती हीच. डेरिकला ऐकवली तर तो म्हणाला, "यार, ये तो लगता है पहलेसे थी." मी ते कौतुक म्हणून घेतलं.

आज खराडीला माझा जो स्टुडिओ आहे, तिथे कंपन्यांतून सुटलेली पोरं संध्याकाळी लॅपटॉप घेऊन येतात. गाणं ऐकवतात आणि सांगतात, "सर, एकदम ओरिजिनल आहे, आपोआप सुचलं." गाणी लिहिण्यात आणि दुसऱ्यांची गाणी ध्वनिमुद्रित करून देण्यात माझी हयात गेली, आणि त्यातून मी एकच शिकलो. आपोआप सुचलं असं कुणी म्हटलं की मी त्याला खाली बसवतो, चहा देतो, आणि विचारतो की लहानपणी घरात कोण काय गुणगुणत असे. त्यांना वाटतं, म्हातारा गप्पिष्ट आहे.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी आईच्या वर्गातल्या मुलींनी सुरुवातीला गणपतीचं स्तवन म्हटलं आणि त्या पुढच्या सतरंजीवर ओळीने बसल्या. आई त्यांच्यामागे लोखंडी खुर्चीवर. आमची दोन इंग्रजी गाणी झाली. लोकांनी ती आजारी माणसाला भेटायला जावं तशी सोसली. मग मी माइकवर सांगितलं, "आता माझी स्वतःची रचना." तेही जरा जड आवाजात. सोपानने ठेका धरला, मी गिटारीवर चाल काढली, आणि पहिली ओळ संपते न संपते तोच पुढच्या सतरंजीवरून वीस गळे एकदम सुरू झाले, "सा रे ग, प ग रे सा..."

मला आधी वाटलं, पोरी टिंगल करताहेत. पण त्या चांगल्या मन लावून, मांडीवर हाताने ताल देत, वर्गात म्हणतात तशाच म्हणत होत्या. एकही सूर चुकत नव्हत्या. पुढची ओळ मी वाजवण्याआधीच त्यांना ठाऊक होती. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सरगमगीत म्हणजे शब्दांच्या जागी सुरांचीच नावं गुंफून केलेलं छोटं गाणं. नवीन मुलांना राग त्यातून शिकवतात. पुस्तकातलं म्हणताना पोरी जांभया देतात म्हणून आईने भूप रागातलं एक स्वतःच रचलं होतं. वर्गात नवी मुलगी आली की पहिल्या महिन्यात हेच. पडद्याआड बसून ते मी इतक्या दुपारी ऐकलं होतं की ते ऐकू येणंच बंद झालं होतं, आणि मग एके दिवशी ते मला सुचलं.

माझे कान तापले. हात मात्र वाजवत राहिले, कारण थांबलो असतो तर का थांबलो ते सांगावं लागलं असतं. लोकांना वाटलं, ही आमची ठरवून केलेली योजना आहे. एकीकडे ड्रम, गिटार आणि एकीकडे पोरींची सरगम! टाळ्या थांबेनात. तीन वेळा वाजवायला लावलं. मी एकदाच आईकडे पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि मान खाली घालून हसत होती, की हसत नव्हती, ते मला तेव्हाही कळलं नाही. त्याच गर्दीत मंडळाच्या खजिनदारांचे मेहुणे होते. ते मुंबईला एका रेकॉर्ड कंपनीत नोकरीला. दुसऱ्याच दिवशी सकाळी ते एक छापील कागद घेऊन घरी आले.

कागदावर गीत, संगीत आणि वादन अशा तीन जागा होत्या. गीत मी भरलं. वादनात तिघांची नावं भरली. मधली जागा तशीच ठेवून मी आत गेलो. आई तव्यावर थालीपीठ लावत होती, बोटाने भोकं पाडत होती.

"आई, ते संगीत म्हणून काय लिहू?"

"काय म्हणजे? तुझं नाव लिही."

"पण चाल..."

"त्या ड्रमच्या दणदणाटावर माझं नाव नको लावूस. वर्गात पोरी यायच्या बंद होतील. आणि सोपानला हाक मार, गार होतंय."

मी माझं नाव लिहिलं. पुण्यात आग्रह एकदाच करतात असं बाहेरची माणसं आपल्याला हिणवतात. मी तो एकदासुद्धा धड केला नाही. पेन हातात धरूनच आत गेलो होतो, टोपण काढून. तिने नाही म्हटल्यावर मला जे वाटलं, त्याला सुटका हाच शब्द आहे. आज इतक्या वर्षांनी तो लिहितानाही मला लाज वाटते.

तबकडी निघाली आणि चालली. इराण्याच्या हॉटेलात लागायची, कॉलेजच्या स्नेहसंमेलनांत लागायची, पुढे तर वरातीतले बँडवाले ती ट्रंपेटवर वाजवू लागले. मी केस वाढवले. गल्लीतून जाताना मान किंचित तिरकी ठेवून चालू लागलो. अण्णा म्हणाले, "मानेला काही झालं असेल तर शेक घे." पण त्यांच्या बोलण्याने माझ्यात काही फरक पडत नव्हता. मी संगीतकार होतो, तसं तबकडीवर छापलेलं होतं.

मग एका दुपारी मी आत गिटार पुसत बसलो असताना बाहेर वर्ग थांबलेला जाणवला. नवीन आलेल्या एका मुलीची आई बोलत होती. आवाज शांत, शुद्ध आणि धारदार. "बाई, राग मानू नका. आम्ही मुलीला शास्त्रीय शिकायला पाठवतो. आपण हे जे शिकवता आहात, ती आपल्या चिरंजीवांच्या रॉकची चाल आहे ना? परवा आमच्याकडे वरातीत वाजली. मुलाचं कौतुक असावं, पण ते वर्गात कशाला?"

मी पडद्याच्या अलीकडे जागच्या जागी बसलो होतो. पडदा हाताने बाजूला सारायचा आणि एक वाक्य बोलायचं, एवढंच काम होतं. आईने पेटीवरचा हात काढला. मग म्हणाली, "हो का? बरं झालं सांगितलंत. बदलू आपण." आणि पेटीचा भाता पुन्हा हलला.

दुसऱ्या दिवसापासून वर्गात पुस्तकातलं सरगमगीत सुरू झालं. पोरी अडखळायच्या, जांभया द्यायच्या, तबलजी खरोखरच झोपायचे. माझ्याच्याने आत बसवेना. मी कॉलेजातून उशिरा यायला लागलो, आणि वर्ग चालू असायचा म्हणून अण्णांच्या शेजारी पायरीवर बसायला लागलो. दोन-तीन दिवस असेच गेले. मग ते वर्तमानपत्राच्या आडून म्हणाले, "पूर्वीचं बरं होतं."

"काय?"

"भूप. पंधरा वर्षं ऐकला ह्या पायरीवर. तुला गोवर आला होता तेव्हा केला होता तिने. दिवसभर किरकिरायचास, मांडीवरून उतरत नव्हतास. तुला थोपटता थोपटता जुळवत बसायची."

मी म्हणालो, "मी मुद्दाम नाही घेतली, अण्णा."

"तसं मी म्हटलं का?" त्यांनी पान उलटलं. "पण वाचनालयाचं पुस्तक फार दिवस घरी राहिलं, म्हणून ते आपलं होत नाही."

पुढच्या दिवशी मी चारच्या आधी घरी आलो आणि आत बसलो. वर्ग सुरू झाला, पुस्तक उघडलं गेलं, आणि मी पडदा सारून बाहेर आलो. वीस मुली, भिंतीशी तीन-चार आया, त्यात त्या बाई. मी त्या बाईंकडे पाहून म्हणालो, "काकू, ती चाल माझी नाही. आईची आहे. मी आत बसून ऐकली आणि माझी म्हणून छापली."

त्यांनी चष्मा वर केला. "मग तेव्हाच खरं नाव छापायचं होतंत."

"हो," मी म्हणालो. "छापायला हवं होतं. आई नको म्हणाली, आणि मला तेच हवं होतं."

तबलजी जागे झाले. मला वाटलं, आई आता चिडेल, नाहीतर तिच्या डोळ्यांत पाणी येईल. दोन्हीची तयारी करून मी आलो होतो. तिने पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "उभा काय राहिलास? बस. आणि आता आलाच आहेस तर म्हणून दाखव."

मी त्या मुलींच्या ओळीच्या शेवटी मांडी घालून बसलो आणि म्हणू लागलो. दुसऱ्या ओळीत तिने हात वर केला.

"थांब. गंधार."

मी पुन्हा म्हटलं. तिने पुन्हा थांबवलं. सगळ्या पोरी तोंडावर हात ठेवून हसत होत्या. तेव्हा मला कळलं की काय झालंय. माझ्या पहिल्या गिटारीच्या तारा दोरखंडासारख्या होत्या. रिषभावरची तार ओढून गंधारापर्यंत, म्हणजे रे वरून ग पर्यंत, न्यायची, तर ती निम्म्या वाटेतच दम टाकायची, आणि शुद्ध गंधाराऐवजी कोमल, म्हणजे अर्धी पायरी उतरलेला ग, वाजायचा. भूपात कोमल गंधार म्हणजे श्रीखंडात लसूण. मी ते तसंच वाजवलं, तसंच गायलो, आणि तसंच छापलं. डेरिक म्हणायचा की गाण्याची सगळी मजा त्याच जागेत आहे.

"तुला काय वाटलं," आई म्हणाली, "नाव गेलं त्याचं मला काही वाटलं नाही? वाटलं. चांगलं आठ दिवस वाटलं. पण त्या दिवशी मांडवात तो गंधार ऐकला, तेव्हाच ठरवलं की ह्याला माझं नाव लावायचं नाही. माझ्या गुरूंना काय सांगू, भूपात कोमल लावायला मी शिकवलं?" मग माझ्याकडे न पाहता, पेटीवर बोटं ठेवत म्हणाली, "तेवढा एक सूर तुझा आहे. बाकीचं माझं. तसं कळव त्यांना."

मी कंपनीला तसं कळवलं. तबकडीच्या पुढच्या खेपेवर संगीत म्हणून तिचं नाव आलं. आल्या दिवशी तिने ते चष्मा लावून दोनदा वाचलं, तबकडी अण्णांच्या हातात दिली, आणि वर्गात पुन्हा जुना भूप सुरू केला. त्या बाईंची मुलगी पुढे गाण्याच्या परीक्षेत त्याच भूपात पहिली आली.

पण घरात ती तबकडी सुखाने कधी ऐकता आली नाही. कुणी पाहुणे आले, कुणी लावायला सांगितली, की आई हातातलं काम टाकून पेटीशी जाऊन बसायची. गाणं त्या जागेपाशी आलं की भाता ओढून शुद्ध गंधार दाबून धरायची, माझा कोमल त्याच्याखाली पुरता बुडेपर्यंत, आणि वर सगळ्यांकडे बघायची. हे शेवटच्या आजारापर्यंत चाललं. आता ते गाणं कुठेतरी लागतं, रिक्षात, एखाद्या जुन्या माणसाच्या फोनवर, आणि ती जागा येते. माझा कोमल गंधार एकटाच वाजतो, त्याला कुणी दुरुस्त करत नाही, आणि तेव्हा मला आई गेल्याचं कळतं.